परतीचं बजेट कुठंय? परदेशात 'कम्युनिटी प्रोजेक्ट'ला निघालेल्या पुण्याच्या पोरांना आणि त्यांच्या सर-मॅडमना खुलं पत्र

प्रति,
पुण्यातल्या कॉलेजांचे इंटरनॅशनल सेल, 'ग्लोबल इमर्शन'वाले सर-मॅडम, आणि यंदा बॅगा भरायला घेतलेली सगळी पोरंपोरी,

नमस्कार.

आधी मी कोण ते सांगते. मी मूळची वेल्ह्याकडची, आता धायरीत राहते, आणि 2008 पासून बाहेरच्या देशांतले विद्यार्थी, पीएचडीवाले, प्रोफेसर आपल्याकडच्या गावांत फील्डला येतात त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून फिरते. दुभाषी म्हणजे जरा मोठाच शब्द झाला, खरं काम म्हणजे जीप ठरवणं, सरपंचांना फोन लावणं, पोरांची पोटं बिघडली की ओआरएस पाजणं आणि मधल्या वेळात इकडचं बोलणं तिकडं करणं. तुम्ही आता केनिया, टांझानिया, नेपाळ जिथं कुठं निघालात, तिथल्या गावात जी बाई तुमच्या शेजारी उन्हात उभी राहून तुमचे प्रश्न लोकांना समजावून सांगणार आहे ना, ती मीच आहे असं समजा.

निमित्त माझ्या भाचीचं. थर्ड इयर इंजिनिअरिंगला आहे, तिच्या कॉलेजचा ग्रुप पाच आठवडे केनियाला चाललाय, किसुमूजवळ, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, जलपर्णीपासून बायोगॅस असा प्रोजेक्ट आहे. परवा कौतुकानं बजेटची शीट दाखवायला आली. विमान, ईटीए म्हणजे केनियात शिरायची ऑनलाइन परवानगी, यलो फीव्हरची लस, इन्शुरन्स, राहणं, लोगोवाले टीशर्ट, शेवटच्या दिवसाचं डिनर, व्हिडिओ एडिटिंग. मी वरून खाली दोनदा वाचली. दुभाष्याची वेगळी ओळच नाही, 'लोकल सपोर्ट' म्हणून एका आकड्यात ड्रायव्हर, दुभाषी आणि पाण्याच्या बाटल्या एकत्र घातलेत. आणि काम झाल्यावर तिथल्या लोकांना काय सापडलं ते सांगायला, बसवलेलं बिघडलं तर दुरुस्त करायला, नाहीतर नुसतं वर्षानं कुणीतरी जाऊन बघून यायला, एक रुपया नाही. तिला म्हटलं, अगं परतीचं बजेट कुठंय? तर म्हणते, मावशी रिटर्न तिकीट आहे की. त्या रात्री झोप लागली नाही म्हणून हे पत्र.

आता आमच्या बाजूनं हे कसं दिसतं ते सांगते, जरा सविस्तर सांगते, कारण हे तुमच्या ओरिएंटेशनमध्ये कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. युरोप-अमेरिकेच्या विद्यापीठांना सुट्टी जून ते ऑगस्ट, म्हणजे पोरं इथं येणार जुलैत, आणि वेल्ह्या-मुळशीकडं जुलै म्हणजे भाताची लावणी. वर्षाचं सगळं त्या पंधरा-वीस दिवसांवर असतं. नेमकं तेव्हा ह्यांचं फोकस ग्रुप डिस्कशन, बारा बायका, दोन तास, समाजमंदिरात. येतात हो बायका, कारण फोन मी केलेला असतो आणि पाहुण्याला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही, पण चिखलाचे पाय धुवून, डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद दाराशी टाकून येतात, आणि दोन तास नजर दाराबाहेर, कारण रोपांच्या जुड्या उपटून बांधावर ठेवलेल्या असतात. चर्चा रेकॉर्ड होऊन कुणाच्या तरी थिसिसमध्ये जाते, बुडलेल्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचं कोण विचारतं. चहा-बिस्किट देतात. तुम्ही जूनमध्ये नेपाळला जाणार असाल तर तिथं असार महिना असतो, जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, त्यांची रोपाई तेव्हाच, असार 15 ला तर चिखलात उतरून दही-चिउरा, म्हणजे दहीपोहे, खायचा सणच असतो. केनियात एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या असतात. शाळेत 'अवेअरनेस' करायला जाणाऱ्यांनी हे तिकीट काढायच्या आधी बघायचं असतं, उतरल्यावर नाही.

दुसरी गोष्ट सांगताना मला थोडी लाज वाटते पण सांगते. 2011 ची असेल, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथं पाण्याचा सर्व्हे चालला होता. सर्व्हे करणारी परदेशी पोरगी फार गुणी, सगळ्यांना वाकून नमस्कार करायची. प्रश्न होता, पाण्याबाबत तुम्ही किती समाधानी, एक ते पाचमध्ये सांगा. मी त्या घरातल्या मावशींना समजावलं, एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे एकदम खूश. मावशी म्हणाल्या, "पाच कुठले गं, तीनच हंडे होतात दिवसाला." पोरीनं माझ्याकडं बघितलं. साडेचार वाजलेले, अकरा घरं राहिलेली, घाट उतरायच्या आधी जीप सोडायची होती, आणि मला पैसे दिवसावर होते. मी म्हटलं, थ्री. तिनं टॅबवर तीनला टिक केलं. तो तीन आता कुठल्यातरी सरासरीत जाऊन बसलाय आणि त्यात माझा हात आहे, हे मी आज पहिल्यांदा कुठं लिहितेय. तुमच्या शेजारी उभी असलेली बाई पण दमलेली असेल, तिला पण जीप सोडायची असेल. तिला आदल्या दिवशी प्रश्न वाचायला द्या, तिच्याबरोबर बसून त्यातले निम्मे बदला, आणि तिला नीट पैसे द्या. 'एक ते पाच' हा प्रश्न जगातल्या बहुतेक मावशींना विचारण्यासारखा नाही हे ती तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगेल, पण तिला कुणी विचारत नाही.

आणि ते कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीपत्रं. तुमच्या एथिक्स कमिटीला सही पाहिजे असते, बरोबर आहे, नियम आहे, पण आमच्याकडं सही म्हटलं की लोकांना सातबारा आठवतो. पुण्याच्या लोकांना फार्महाऊससाठी जमिनी दाखवत फिरणारे एजंट ह्या लोकांनी बघितलेत, कागदावर अंगठे देऊन काय काय गेलंय ते प्रत्येक घराला माहितीय. चार पानांचा इंग्रजी फॉर्म पुढं केला की म्हातारी माणसं उठून आत जातात. एका प्रोफेसरबाईंनी काय केलं, आधी ग्रामसभेत उभं राहून सगळं सांगितलं, मग आठवडाभर काहीच विचारलं नाही, नुसत्या फिरल्या, आणि मग ज्याला बोलायचं होतं तो स्वतःहून आला. वेळ जास्त लागला. पण असं करणाऱ्या मी एवढ्या वर्षांत दोनच बघितल्या.

आता वस्तू. हे खास इंजिनिअरिंगवाल्यांसाठी. त्याच वाडीत नंतर एक ग्रुप आला आणि सहा घरांत बायोसँड फिल्टर बसवून गेला. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात ते डिझाइन निघालं, 1990 च्या दशकात, चांगलंच आहे, काँक्रीटची उभी पेटी, आत वाळू-खडी, वरून पाणी ओतायचं, वाळूच्या वरच्या थरात सूक्ष्मजीवांची एक साय धरते आणि ती जंतू खाते. ती साय धरायला आठवडे लागतात आणि ती जिवंत राहायला पाणी ओतत राहावं लागतं, दोन दिवसांच्या वर खंड पडून चालत नाही. ग्रुप आला पावसाळ्यात. चहूकडं पाणी. कुणीच विचारलं नाही की एप्रिल-मेमध्ये काय होतं. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो आणि तीन हंड्यांतला एक हंडा फिल्टरच्या पोटात घालायला कुणी तयार नसतं, शिवाय निम्मी घरं कुलूप लावून पुण्यात कामाला आलेली असतात. पहिल्याच उन्हाळ्यात सहाच्या सहा बंद. मला एक घर आठवतं, तिथं त्या पेटीला तारेनं डिश अँटेनाचा पाय बांधलाय, वाऱ्यानं हलू नये म्हणून. मस्त बसलाय, अजिबात हलत नाही. ग्रुपच्या फायनल रिपोर्टात सहा फिल्टर यशस्वीपणे बसवले असं असणार, आणि ते खरंच आहे, बसवले होतेच.

हे मोठ्या लोकांचं पण होतं, तुमचंच होतं असं नाही. दक्षिण आफ्रिकेत प्लेपंप म्हणून आयडिया निघाली, मुलांनी गोल चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्यावर पाणी वरच्या टाकीत चढायचं. 2006 मध्ये अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या कार्यक्रमात तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलर जाहीर केले, 2010 पर्यंत 4,000 पंप बसवायचे ठरले. मग कुणीतरी हिशोब मांडला की ठरवलेल्या माणसांना पुरेल एवढं पाणी काढायचं तर पोरांना दिवसाला 27 तास खेळावं लागेल. काही गावांत तर चांगला चालणारा हातपंप काढून हे बसवलेलं, आणि मग मोठ्या बायका वाकून वाकून ते मुलांचं चक्र हातानं ढकलत बसल्या. 2010 उजाडेपर्यंत कार्यक्रम गुंडाळला. हे बाहेर आणण्यात इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स ह्या संस्थेच्या कॅनडावाल्या पोरांचा पण हात होता, आणि त्यांनीच 2008 पासून स्वतःच्या फसलेल्या प्रोजेक्टचे रिपोर्ट छापायला सुरुवात केली. आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजनं असा रिपोर्ट छापलेला मी तरी बघितला नाही, आपल्याकडं ग्रुप फोटो छापतात.

बरं, आता कागदाचं. त्या पाण्याच्या सर्व्हेवर पुढं पेपर आला. मला कळलं तीन वर्षांनी, योगायोगानं. लिंक उघडली तर पैसे मागितले, 35 डॉलर. म्हणजे मावशी बोलल्या, मी सांगितलं, आणि ते वाचायला आम्हीच पैसे भरायचे. एका नव्या पीएचडीवाल्यानं नंतर मला काढून दिला. शेवटी आभारात 'स्थानिक दुभाषी' असं होतं, नाव नाही. मला त्याचं एवढं काही वाटलं नाही (थोडं वाटलं). पण वाडीतल्या कुणालाच माहिती नव्हतं की आपल्याबद्दल काय लिहिलंय, आणि त्यात एका तक्त्यात विहिरीच्या पाण्याची तपासणी होती, कुठल्या विहिरीत काय सापडलं त्याची. ती माहिती लोकांच्या कामाची होती हो! खालच्या विहिरीचं पाणी पोरांना उकळून द्या, एवढं एक वाक्य मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलं असतं तरी पुरलं असतं. मग ते मीच जाऊन सांगितलं, तीन वर्षांनी.

ह्याचं टोक बघायचं तर अमेरिकेतच बघा. ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई म्हणून आदिवासी राहतात, त्यांच्यात डायबेटिस फार, म्हणून 1990 पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी त्यांचं रक्त घेतलं. पुढं त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचं, आणि त्यांचे पूर्वज कुठून आले ह्याचं संशोधन झालं, जे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. 2003 मध्ये त्यांच्यातलीच एक बाई विद्यापीठात एका पीएचडीच्या प्रेझेंटेशनला जाऊन बसली, आपल्याच लोकांच्या रक्ताबद्दल चाललंय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं हात वर करून विचारलं, ह्याची परवानगी घेतली होती का. पुढं कोर्टकचेऱ्या, 2010 मध्ये 7 लाख डॉलर द्यावे लागले आणि उरलेलं रक्त परत. लोकांनी ते रक्त स्वतः जाऊन आणलं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मावशी आल्या, अशा कुठल्यातरी हॉलमध्ये मागच्या खुर्चीत बसून तो तीन बघतायत. दक्षिण आफ्रिकेतल्या सान ह्या आदिवासी लोकांनी तर 2017 मध्ये स्वतःची नियमावलीच काढली, आमच्याकडं यायचंय तर आधी हे वाचा म्हणून. आपल्या गावांनी अजून काढली नाही, पण काढायला हरकत नाही.

आता परत भाचीकडं येते. पोरगी मनापासून करतेय, यूट्यूबवर स्वाहिली शिकतेय, जांबो, असांते, सगळं पाठ. पण किसुमूच्या बाजूला लुओ लोक राहतात आणि घरात डोलुओ बोलतात. म्हणजे कुणीतरी हिंदी शिकून वेल्ह्यात यावं तसं, काम भागतं, पण म्हातारी आपल्या मनातलं हिंदीत सांगणार नाही. आणि जलपर्णी! ती व्हिक्टोरिया सरोवरात तीस-पस्तीस वर्षांपासून आहे, 1990 च्या दशकात ती खाणारे भुंगेरे सोडून झाले, तिच्या दोऱ्यांची फर्निचरं किसुमूत विकतात, बायोगॅसचे प्रयोग तिथल्याच लोकांनी केलेत. आमच्या पवनेत, मुळा-मुठेत, पाषाण तलावात हीच जलपर्णी दरवर्षी माजते, महापालिका दरवर्षी काढते, दरवर्षी डास, दरवर्षी पेपरात फोटो. म्हणजे ज्यांना आपल्या नदीतली सुटली नाही ते सरोवरातली सोडवायला चाललेत, हे मी तिला म्हटलं तर रुसली. मग मी म्हटलं, अगं जाऊ नको म्हणत नाही, जा, पण शिकायला चाललीस असं म्हण. तिथले लोक तीस वर्षं तिच्याशी भांडतायत, त्यांना विचार काय फसलं, ते लिहून आण आणि पाषाण तलावाच्या काठी येऊन सांग. शेवटी ते पटलं तिला. सरांना पटेल का माहिती नाही, कारण पोस्टरवर 'इम्पॅक्ट' छापून झालंय.

सरांना अजून एक. केनियात संशोधन करायचं तर तिथल्या सरकारच्या नॅकोस्टी नावाच्या आयोगाचं लायसन्स लागतं, टांझानियात कॉस्टेकचं. टुरिस्ट म्हणून जायचं, शंभर घरं सर्व्हे करायचा आणि मग पेपर छापायचा असं चालत नाही, जसं आपल्याकडं परदेशी माणसाला रिसर्चसाठी वेगळा व्हिसा लागतो तसंच. भाचीच्या ग्रुपमध्ये ह्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. तुमच्याकडं एवढा मोठा सेल आहे, चार माणसं पगारी आहेत, एक मेल करायला काय होतं?

आणि विमानाच्या आधीचा एक प्रवास सुचवते, पीएमटीनं होतो. पुण्यात केनियाची, टांझानियाची, सुदानची, येमेनची, अफगाणिस्तानची पोरं शिकायला आहेत, किती वर्षांपासून आहेत. तुमच्या शेजारच्या बाकावर असतील. त्यांच्यातल्या एकाला तुमची प्रश्नावली दाखवली का? त्याला जेवायला तरी बोलावलं का कधी? आपल्याच सोसायट्यांमध्ये ह्या पोरांना फ्लॅट भाड्यानं द्यायचा म्हटलं की मीटिंग भरते, 'बॅचलर आणि तेही आफ्रिकन' म्हणून, आणि त्याच सोसायटीतला मुलगा आफ्रिकेतल्या गावात सेवा करून आला की गणपतीत त्याचा सत्कार. हे मी माझ्या बिल्डिंगमध्ये बघितलंय, मी पण तेव्हा मीटिंगमध्ये गप्प बसले होते.

तुम्ही म्हणाल बाई सगळं वाकडंच बघते. तसं नाही. बाहेरून येऊन अभ्यास करणारा माणूस पुण्याला काही नवा नाही. हॅरॉल्ड मान म्हणून इंग्रज होते, आपल्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल, त्यांनी 1917 मध्ये पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला, हो, तेच टॉवरवालं पिंपळे सौदागर, तेव्हा गाव होतं. शेताचे किती तुकडे झालेत, कर्ज किती, घराघराचा हिशोब. पण तो माणूस पाच आठवड्यांसाठी आला नव्हता, वर्षानुवर्षं इथं राहिला होता. आणि आपल्या घरचं उदाहरण म्हणजे एसएनडीटीच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या मॅडम 1990 च्या सुमाराला कचरा वेचणाऱ्या बायकांकडं गेल्या, शिकवायला म्हणून. त्यांनी बायकांबरोबर कचरा वेचून बघितला, मग लक्षात आलं की बायकांची गरज वेगळीच आहे, आणि 1993 मध्ये बाबा आढावांबरोबर कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातूनच पुढं 'स्वच्छ' ही कचरा वेचणाऱ्यांची सहकारी संस्था. आज तुमच्या दारात सकाळी ओला-सुका घ्यायला जी ताई येते तिच्यामागं विद्यापीठातल्या माणसांची तीस वर्षं आहेत. स्वच्छचा अभ्यास करायला आता जगभरातून पोरं येतात. तीस वर्षं तुम्ही कुठून आणणार, कळतं मला, तुम्हाला क्रेडिट दोनच असतात. पण मग पाच आठवड्यांत गावाचं आयुष्य बदललं असं लिहू नका एवढंच.

मागणं काय आहे तर फार नाही. भाचीच्या शीटमध्ये मी पेन्सिलनं ओळी घातल्यात, तुम्ही पण घाला. दुभाष्याची ओळ वेगळी, तिथल्या मास्तरला मिळतो तेवढा तरी दिवसाचा पगार, आणि पेपरात नाव. ज्यांचा वेळ घ्याल त्यांची बुडालेली मजुरी. तिथल्या भाषेत दोन पानांचा छापील कागद, फोटोसकट, जाऊन हातात द्यायचा, ईमेल नाही. आणि वर्षानं एक माणूस परत, पुढच्या बॅचमधला चालेल, जुन्याच घरांत जाऊन फक्त बघायला आणि फसलं असेल तर तसं लिहायला. पैसे कुठून आणायचे विचाराल तर टीशर्ट आणि डिनर काढा, आणि व्हिडिओ मोबाईलवर एडिट होतो, भाचीच करते. तेवढ्यात भागत नसेल तर दहाऐवजी आठ पोरं न्या.

आणि एक वैयक्तिक काम आहे. मार्च 2020 मध्ये इथं एक ग्रुप होता, चुलींच्या धुराचं मोजमाप चाललेलं. लॉकडाऊन लागणार म्हटल्यावर दूतावासाचा फोन आला आणि दोन दिवसांत सगळी पोरं विमानात. घाईत चौदा घरांतली धुराची यंत्रं मीच गोळा करून आणली, अजून माझ्या कपाटावर एका चिवड्याच्या डब्यात आहेत. मी तीन मेल केले, एकाचं उत्तर आलं की प्रोजेक्ट क्लोज झालाय. त्यात चौदा घरांचा तीन आठवड्यांचा डेटा आहे आणि त्या बायका अजून भेटल्या की विचारतात, आमच्या घरात धूर किती निघाला गं? पुण्यातल्या कुठल्या कॉलेजात ती यंत्रं उघडून वाचता येत असतील तर येऊन घेऊन जा. बॅटऱ्या मी काढून ठेवल्यात, वायर पण आहे.

तुमची,
धायरीची एक दुभाषी